तुम्ही विचारलंत म्हणून: स्टार रिसीव्हरसाठी ड्राफ्ट पिक्स द्याव्यात का?

मार्च उजाडला की हा प्रश्न ठरलेला. मी मिनेसोटात राहतो आणि इथल्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी, व्हायकिंग्जसाठी, जीव टाकतो, हे ओळखीतल्या मराठी मंडळींना माहीत आहे. त्यामुळे कुठल्याशा संघाने बड्या रिसीव्हरसाठी (म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूसाठी) पहिल्या फेरीची पिक देऊ केल्याची बातमी आली रे आली की कुणीतरी विचारतंच, "काय हो, एवढं द्यावं का एका माणसासाठी?"

द्यावं. पण तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, चांगला असेल आणि त्याचा पगार अजून वाढलेला नसेल, तरच. दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर पिक जवळ ठेवा.

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते आणि आदल्या मोसमात सगळ्यात जास्त मार खाल्लेला संघ सर्वांत आधी निवडतो. निवडायची ही पाळी म्हणजे पिक. ती खेळाडूच्या बदल्यात दुसऱ्या संघाला देता येते.

पिक देऊ नका म्हणणारे नेहमी आमचंच उदाहरण देतात. 2018 च्या जानेवारीत शेवटच्या क्षणी 61 यार्डांचा टचडाउन (चेंडू थेट शेवटच्या रेषेपार) करून सेंट्स संघाला घरी पाठवणारा स्टेफॉन डिग्ज आम्ही 2020 मध्ये बफलोला दिला. त्या बदल्यात मिळालेल्या पिक्समध्ये 22 वी पिक होती आणि तिच्यावर आला जस्टिन जेफरसन. पहिल्याच मोसमात 1,400 यार्ड! पहिल्या चार वर्षांचा त्याचा करार सगळा मिळून सुमारे 1 कोटी 31 लाख डॉलरचा. मग लोक म्हणतात, बघा, पिक म्हणजे सोनं.

असेलही. पण याच संघाने 2005 मध्ये रँडी मॉस ओकलंडला देऊन सातवी पिक मिळवली होती आणि तिच्यावर ट्रॉय विल्यमसन नावाचा वेगवान रिसीव्हर घेतला होता. पळायचा झकास, पण हातात चेंडू राहायचा नाही. तीन वर्षांनी तो सहाव्या फेरीच्या पिकवर जॅक्सनव्हिलला गेला. जेफरसनचं नाव घेणाऱ्याने विल्यमसनचंही घ्यावं. आणि 2020 मध्ये आमच्या बरोब्बर आधी, 21 व्या पिकवर, ईगल्सनी जेफरसनला सोडून जेलन रेगर घेतला होता. (पुढे हाच रेगर आमच्याकडे आला. नशीब कधीकधी असं टिंगल करतं.)

बफलोचं काय झालं? त्यांचा क्वार्टरबॅक जॉश अॅलन तेव्हा तिसऱ्या वर्षात होता, पगार नवख्याचाच. 2019 मध्ये त्याचे 58.8 टक्के पास पूर्ण झाले होते, डिग्ज आल्यावर 69.2 टक्के. डिग्जने त्या मोसमात 127 झेल आणि 1,535 यार्ड घेतले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. म्हणजे सौद्यात दोघांचंही भलं झालं. 'कोण जिंकलं' हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो.

खरी किंमत पिकची नसतेच, ती पगाराची असते. प्रत्येक संघाला वर्षाचा खर्च एका मर्यादेत बसवावा लागतो. 2022 मध्ये ही सॅलरी कॅप 20 कोटी 82 लाख डॉलर होती. त्या वसंतात टायरीक हिल पाच पिक्सच्या बदल्यात कॅन्सस सिटीहून मायामीला गेला आणि त्याला वर्षाला सरासरी 3 कोटींचा करार मिळाला. कॅन्सस सिटीच्या चीफ्सकडे क्वार्टरबॅक महोम्सचा पगार मोठा होता, त्यामुळे त्यांनी हिलला सोडलं आणि पुढचे दोन्ही सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले.

त्याच वर्षी रेडर्सनी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची पिक देऊन दावांते अॅडम्स आणला. क्वार्टरबॅक डेरेक कार हा त्याचा कॉलेजातला जोडीदार, पण त्याचाही पगार तेव्हाच वाढवला होता. अॅडम्सने 1,516 यार्ड आणि 14 टचडाउन केले. संघ मात्र आदल्या वर्षीच्या 10 विजयांवरून 6 वर आला, आणि मोसम संपायच्या आत कार बाकावर बसला. रिसीव्हरने यापेक्षा जास्त काय करायचं?

तिसरा सौदा ए. जे. ब्राउनचा, ड्राफ्टच्याच रात्री झालेला. ईगल्सनी टेनेसीला 18 वी आणि 101 वी पिक दिली. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स दुसऱ्या फेरीत घेतलेला, तिसऱ्या वर्षात, स्वस्त. माझ्या दोन्ही अटी इथे जुळतात. ईगल्स त्याच मोसमात सुपर बोलला पोचले आणि 2025 च्या फेब्रुवारीत चीफ्सना 40-22 हरवून जिंकले. टेनेसीविरुद्ध डिसेंबर 2022 मध्ये ब्राउनने दोन टचडाउन केले, आणि दोनच दिवसांनी त्याला विकणाऱ्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

आता तुम्ही म्हणाल, मायामीचा क्वार्टरबॅक टुआही तेव्हा स्वस्तच होता की! बरोबर. 2023 मध्ये तर त्याने लीगमध्ये सर्वांत जास्त पासिंग यार्ड घेतले. पण पुढच्या जानेवारीत हिलला ज्या मैदानावर परत जावं लागलं ते चीफ्सचं ॲरोहेड, गोठवणारी थंडी, आणि स्कोअर 26-7. मायामीचा एकमेव टचडाउन हिलचाच. अटी जुळल्या म्हणजे करंडक येतोच असं मी म्हटलेलं नाही. न जुळता पिक दिलीत तर बहुतेक वाया जाते, एवढंच माझं म्हणणं.

वय उतरणीला लागलेला स्टार चौथ्या फेरीत मिळत असेल, तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. 2007 मध्ये पेट्रियट्सनी मॉस चौथ्या फेरीच्या एका पिकवर आणला आणि त्याने त्या मोसमात 23 टचडाउन केले.

यापुढचा ठरलेला प्रश्न: मग आपण जेफरसनला विकून पिक्स घ्याव्यात का? 2024 च्या एप्रिलमध्ये व्हायकिंग्जनी दहाव्या पिकवर क्वार्टरबॅक जे. जे. मकार्थी घेतला आणि जूनमध्ये जेफरसनला चार वर्षांचे 14 कोटी दिले. हिशेब माझ्यासारखाच: क्वार्टरबॅक स्वस्त, म्हणून रिसीव्हर महाग चालतो. मकार्थीचा गुडघा पहिल्या मोसमाआधीच दुखावला, ते वर्ष बाकावर गेलं. स्वस्तची अट जुळली आहे. चांगल्याच्या अटीवर आमच्या घरात अजून एकमत नाही.