संत्र्याच्या बागेतलं सेन्सर जाळं: भर उन्हात बदलणारे रस्ते

बागेतलं सेन्सरचं जाळं आता पूर्णपणे आरपीएलवर, म्हणजे माहिती कोणत्या वाटेनं जावी ते ठरवणाऱ्या एका पद्धतीवर, आलं आहे. मोटरच्या खोलीत बॉर्डर राउटर, म्हणजे जाळ्याला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारं यंत्र, आणि बागेत पसरलेले बारा नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले छोटे डबे. सगळे एनआरएफ५२८४० चिपचे, सगळ्यांवर काँटिकी-एनजी ही छोट्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम. नागपुरातल्या गच्चीवर चाचणी झाली तेव्हा शेजारपाजारच्या वायफायचा गोंगाट टाळायला चॅनल २६ धरला होता, म्हणजे २४८० मेगाहर्ट्झ. बागेत वायफाय नाहीच, तरी तोच ठेवला. तिथले अडथळे निराळे आहेत आणि या नोंदीत मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

बाग मामांची, कळमेश्वरच्या पुढे. मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडून झाडांना ताण देतात, जूनचा पाऊस आला की ताण सुटतो आणि फूल धरतं. ताण कमी बसला तर नुसती पालवी फुटते, अती झाला तर झाड खचतं. काळ्या मातीला वरून भेगा पडल्या तरी खाली ओल असू शकते, म्हणून प्रत्येक नोडला दोन खोलींवर ओलाव्याचे सेन्सर आहेत. मामांचा प्रश्न एकच: ‘पानी सोडू का नाही, तेवढं सांग.’ या प्रश्नाचं उत्तर सगळ्या झाडांकडची माहिती मोटरच्या खोलीपर्यंत भरवशानं पोचण्यावर अवलंबून आहे.

सुरुवातीला वाट ठरवायला एओडीव्ही ही जुनी पद्धत वापरली होती. ती मला आजही आवडते. १९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी डीएसडीव्ही ही वाट ठरवण्याची पद्धत मांडली, त्यातल्या क्रमांकांच्या युक्तीमुळे जुनी आणि नवी माहिती वेगळी ओळखता येते आणि मार्गांची वर्तुळं होत नाहीत. तीच युक्ती एओडीव्हीत पुढे आली (इंटरनेट तंत्रांच्या जाहीर दस्तऐवजांपैकी आरएफसी ३५६१, २००३). पण एओडीव्ही घडलं ते फिरत्या यंत्रांसाठी, कुणालाही कुणाशीही बोलता यावं म्हणून. मार्गाची गरज पडली की नोड विनंती सोडतो आणि प्रत्येक शेजारी ती पुढे ओरडतो. आपल्या बागेत झाडं जागची हलत नाहीत आणि सगळी माहिती एकाच खोलीकडे जाते. दर वेळी सगळ्या बागेत हाक मारण्याचं कारणच नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. एओडीव्ही टप्पे मोजतं, म्हणजे वाटेत नोडवरून नोडवर किती उड्या पडतात ते. टप्पे कमी करायचे तर उडी लांब हवी, आणि लांब उडी म्हणजे बहुधा सगळ्यात कच्चा दुवा (दोन नोडमधली रेडिओची जोडणी). २००३ मध्ये एमआयटीच्या मंडळींनी ईटीएक्स हे माप मांडलं, ते इथे डोळ्यांत भरतं. माहितीचं एक पॅकेट पोचून त्याची पोच परत यायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल, तो हा आकडा. एक लांब उडी घ्या, जाताना निम्मी पॅकेटं पोचतात आणि येताना निम्म्या पोचा. ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, आणि १ भागिले ०.२५ म्हणजे ४. मध्ये एक नोड घेऊन दोन छोट्या उड्या घ्या, जाताना ०.९, येताना ०.८. एका उडीचा ईटीएक्स सुमारे १.४, दोन्हींचा मिळून २.८. टप्पे दुप्पट, तरी खर्च कमी. सहा बाय सहा मीटरवर झाडं असलेल्या बागेत मधला नोड ठेवायला जागा भरपूर असते.

आरपीएलमध्ये (आरएफसी ६५५०, २०१२) मुळापासून, म्हणजे बॉर्डर राउटरपासून, वाटांचं झाड वाढत जातं, प्रत्येक नोड आपला रँक (मुळापासून आपण किती दूर ते) सांगतो आणि पालक, म्हणजे माहिती पुढे नेणारा शेजारी, निवडतो. निवड ईटीएक्सवर ठेवली. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली: बागेचा नकाशा दिवसातून दोनदा बदलतो. रात्री आणि पहाटे दूरचे दुवे छान चालतात. सकाळ टळली की तेच दुवे ढासळतात, संध्याकाळी पुन्हा उठतात. कारण तापमान. रेडिओ चिप तापली की तिची पाठवण्याची आणि ऐकण्याची ताकद काही डेसिबलनं उतरते. काठावरच्या दुव्याला तेवढं पुरतं. नागपूरकडचा मे म्हणजे सावलीतच पंचेचाळीसच्या आसपास, उन्हातल्या बंद डब्यात त्याहून कितीतरी जास्त.

डबे झाडाच्या उत्तरेला लावा, असा सल्ला मिळाला होता. पण मे अखेरीस इथे दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर असतो, उत्तर-दक्षिण सारखीच. म्हणून डबे खोडाला लागून, फांद्यांच्या खाली बांधले आणि झाकणं पांढरी केली. दुपारची पडझड कमी झाली. पुरती थांबली नाही.

बाकीचं काम उंबरठ्यानं केलं. आरएफसी ६७१९ मध्ये पालक बदलण्याचा उंबरठा १९२ सुचवला आहे. एक ईटीएक्स म्हणजे १२८, तेव्हा दीड ईटीएक्सचा फायदा दिसल्याशिवाय नोड पालक सोडत नाही. मी तो आणखी वाढवला. पहाटे सुंदर दिसणाऱ्या दूरच्या पालकाकडे आता नोड धावत नाहीत, दुपारी टिकतो त्याच्याकडेच राहतात. माझं ठाम मत झालंय की आपल्या हवामानात दुव्याची परीक्षा दुपारी दोनला घ्यावी. रात्रीच्या आकड्यांवर नोडच्या जागा ठरवू नका.

याचा आणखी एक लाभ ट्रिकलमध्ये दिसतो. नोडनं आपली माहिती शेजाऱ्यांना किती वेळानं जाहीर करायची ते ट्रिकल ठरवतं. सगळं स्थिर असलं की या घोषणांमधलं अंतर दुप्पट होत जातं. काँटिकीत ते साधारण ४ सेकंदांपासून १७ मिनिटांपर्यंत वाढतं. पालक शांत, तर ट्रिकलही शांत. पूर्वी रोज दुपारी घोषणांची गर्दी व्हायची, ती आता जवळजवळ नाही.

आता उरली बॅटरी. या चिपला ऐकायला ४.६ मिलिअँपिअर लागतात आणि ० डीबीएमवर (रेडिओची १ मिलिवॉट ताकद) पाठवायला ४.८. म्हणजे ऐकत बसणं पाठवण्याइतकंच महाग. सतत ऐकलं तर नुसत्या रेडिओला दिवसाला ११० मिलिअँपिअर-तास. सध्या सौर पट्टी ते भरून काढते, पण पावसाळ्यात ढग आल्यावर काढणार नाही. म्हणून पुढचं पाऊल टीएससीएच, म्हणजे नोडनी ठरलेल्या वेळीच बोलण्याची पद्धत: वेळेच्या १० मिलिसेकंदांच्या फटी, आपली फट नसेल तर रेडिओ बंद.

इथेही ऊन आडवं येतंच. नोडच्या घड्याळाचा ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांपासून दूर गेला की मंदावतो, फरकाच्या वर्गाला ०.०३४ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) या हिशेबानं. ६५ अंशांच्या डब्यात सुमारे ५४ पीपीएम, ४० अंशांच्या सावलीत जेमतेम ८. असे दोन नोड एकमेकांशी बोलत असतील तर साधारण २० सेकंदांत १ मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि ऐकण्याची खिडकी चुकायला लागते. त्यामुळे दुपारी वेळ जुळवण्याचे संदेश जास्त वेळा, रात्री कमी, असं करून बघायचं आहे. प्रत्येक नोडवर तापमापक आहेच, त्याच्या आकड्यावरून घड्याळाची दुरुस्ती नोडनं स्वतःच करावी असा विचार आहे. आधी कूजा या संगणकावरच्या सिम्युलेटरवर प्रत्येक नोडला वेगळी घड्याळगती देऊन बघतो, मग दोन डबे बागेत, एक उन्हात आणि एक सावलीत. कुणी विदर्भाच्या उन्हात टीएससीएच चालवलं असेल तर वेळ जुळवण्याचं अंतर किती ठेवलं ते जरूर कळवा.