ओलं पीप

मे महिन्यातली दुपार. फैजपूरच्या अलीकडे आमचं गाव, तिथं आईकडे आलोय. मोरीतल्या ड्रमचं झाकण उचललं आणि आधी वाकून आत पाहिलं. उंदीर नव्हता. गेली पस्तीस वर्षं नसतो. तरी मी पाहतो, आणि मगच तांब्या बुडवतो.

एकदा होता. मी चौथीत होतो. तेव्हा पत्र्याची पिपं, आणि नळ तीन दिवसांनी. आजीनं चिमट्यानं त्याला शेपटीला धरून उकिरड्यावर नेला. पाणी मात्र फेकू दिलं नाही. अख्खं पीप बादली-बादलीनं परसातल्या केळीला घातलं.

पुढे कॉलेजात मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ शिकवायला घेतली आणि मला हसू आवरेना. सर तापले. ‘अरे, ओलं पीप आहे, उंदीर नव्हे!’ आमचा तर चांगला निथळत होता. मग त्यांनी वहीत उतरवून दिलं : महानगर, यंत्रयुग, माणसाचं तुटलेपण. पाच मार्कांपुरतं. जाता जाता हेही सांगितलं, की हा कवी १९०९ साली जन्मला तो आपल्या फैजपुरात. कुणाला खरंच वाटेना. फैजपूरची मिरवायची गोष्ट आम्हाला एकच ठाऊक, १९३६चं काँग्रेस अधिवेशन. खेड्यात भरलेलं पहिलंच. आणि केळीच्या मुलखात तुटलेपण कुठून येणार? चौकात पोचेस्तोवर चार जण विचारतात, ‘कुठी चालला भो?’

नोकरीसाठी डोंबिवलीत राहिलो. एका रविवारी संध्याकाळी लक्षात आलं, सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नाही. खाली जाऊन उगाच पाव घेतले. पाववाला म्हणाला, ‘सुट्टे द्या.’ मी म्हणालो, ‘नाहीत.’ झालं दिवसभराचं बोलणं. तेव्हा कविता आठवली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण नाही आठवली. गल्लीतला नळ आठवला. पाणी आलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांची हाकाटी व्हायची.

नळ अजून तीन दिवसांनीच येतो. हाकाटी गेली, घरोघर मोटर आहे, आणि गल्लीतली निम्मी पोरं पुण्याला. आई एकटीच असते. पाणी आलं की चारही ड्रम काठोकाठ भरते.

‘एवढं लागतं तरी कुणाला?’ आज मी विचारलं.

‘नाही लागत,’ ती म्हणाली. ‘नळ यायच्या आदल्या दिवशी ओतून देते.’