बिल्टी नंबर एकच, तर गाडी एकच

मागच्या हंगामात जानेवारीत आमच्या इथल्या जिनिंगची (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तो कारखाना) एक गाडी दक्षिणेतल्या एका सूतगिरणीच्या गेटवर दोन दिवस उभी राहिली. शंभर गाठी, एक गाठ १७० किलोची, म्हणजे सतरा टन रुई. ड्रायव्हर आपल्याच तालुक्यातला, तिकडची भाषा त्याला येत नाही, तिकडच्या वॉचमनला याची येत नाही, आणि तो दर तासाने मुनीमकाकांना फोन करून एकच विचारायचा, "काका, गाडी खाली काहून करून नाही राहिले?" मालात खोट नव्हती, कागद पूर्ण होते. खोट मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरात होती, आणि ती गोष्ट मला अजून टोचते, म्हणून सविस्तर लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, आधी पुण्यात होतो, आता घरूनच जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. एका जिनिंगच्या आतला हिशोब ठेवणं तसं सोपं असतं, काटा, कापूस आवक, गाठी, सरकी, संपलं. अवघड तेव्हा होतं जेव्हा हिशोब दोन कंपन्यांच्या मधून जातो. जिनिंग, ट्रान्सपोर्ट, गिरणी, मधला दलाल, प्रत्येकाची वही वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं, मालक वेगळा, आणि काम मात्र एकच.

तर झालं असं की गाडी निघाली की आमच्या सिस्टमने गिरणीच्या सिस्टमला "गाडी निघाली" असा मेसेज पाठवायचा आणि तिकडून पोच यायची. त्या संध्याकाळी मेसेज गेला आणि नेमकी लाइट गेली, नेट गेलं, पोच आलीच नाही. लाइट आल्यावर आमच्या सिस्टमने तोच मेसेज परत पाठवला, पोच नाही आली तर परत पाठव असं मीच लिहिलं होतं. तिकडे पहिला पोचलेला होता, दुसराही पोचला. त्यांच्याकडे दोन गाड्या नोंदल्या गेल्या, दोनशे गाठी. गेटवर आली एक. मग त्यांचं सॉफ्टवेअर म्हणे आवक जुळत नाही, वरून शनिवार-रविवार, सही करणारा माणूस नाही.

मी मुनीमकाकांना हे सगळं समजावून सांगितलं, टाइमआउट, रिट्राय वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं, लाल कापडात बांधलेलं बिल्टी रजिस्टर उघडलं (बिल्टी म्हणजे माल गाडीत चढला की ट्रान्सपोर्टवाला देतो ती पावती), त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बिल्टी नंबर तं एकच आहे ना? मंग गाड्या दोन कश्या होतीन बाप्पा?"

ज्याला आमच्या धंद्यात आयडेम्पोटन्सी म्हणतात ते एवढंच आहे. तोच मेसेज दहा वेळा आला तरी काम एकदाच झालं पाहिजे, आणि त्यासाठी मेसेजवर पाठवणाऱ्याने एक नंबर टाकायचा जो घेणाऱ्याने लक्षात ठेवायचा. मी मेसेजवर नंबर टाकत होतो, पण तो दर वेळेस नवीन बनायचा, म्हणून समोरच्याला दुसरा मेसेज म्हणजे दुसरी गाडीच वाटायची. काकांनी अजून एक सांगितलं की नुसता बिल्टी नंबर पण नाही चालत, दोन ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर सारखे निघू शकतात, ट्रान्सपोर्टचं नाव आणि नंबर दोन्ही पाहावं लागते. आता मेसेज ओळखायची आमची चावी तीच आहे, ट्रान्सपोर्ट अधिक बिल्टी नंबर.

जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलात, हेच केलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून ते ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांना सुरू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपर्यंत आलं, म्हणजे तालुक्यातल्या बऱ्याच जिनिंग त्यात आल्या. तिथे प्रत्येक बिलाला आयआरएन म्हणजे ओळख नंबर मिळतो, ६४ अक्षरांचा, आणि तो विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांच्यावरून काढलेला असतो. तेच बिल परत पाठवलं तर तोच आयआरएन निघतो आणि पोर्टल डुप्लिकेट म्हणून परत करतं. नेट कितीही वेळा गेलं तरी दोन बिलं होत नाहीत. मी हे वर्षभर वापरत होतो आणि स्वतःच्या मेसेजला लावलं नव्हतं.

त्यानंतर मी कॉम्प्युटर बंद करून तीन दिवस काकांच्या शेजारी गादीवर बसलो आणि जिनिंगच्या फाटकातून बाहेर जाणारा आणि आत येणारा प्रत्येक कागद पाहिला. सौदा पावती, काटा पावती, बिल, बिल्टी, ई-वे बिल, गिरणीची पोच, लॅब रिपोर्ट, डेबिट नोट. मला जे उमगलं ते हे, की दोन कंपन्यांमधलं सॉफ्टवेअर डिझाइन करायला बसलं की आपण आपल्या डेटाबेसच्या टेबलांपासून सुरू करतो, आणि सुरुवात या कागदांपासून करायला पाहिजे. जो कागद हातातून हातात जातो तो मेसेज. जो वहीत राहतो तो ज्याचा त्याचा.

गिरणीच्या आयटीवाल्याची मागणी होती की आमचा स्टॉकचा पूर्ण डेटा त्यांना दिसू द्या, जोडणी सोपी होईल. शेठ एका वाक्यात नाही म्हणाले, "माह्या कापसाचा उतारा त्याईले कायले दाखवू?" आणि बरोबर आहे, क्विंटलभर कापसातून किती रुई उतरली ते ज्याला कळलं त्याला जिनिंगचा नफा कळला. सर्व्हिस, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला दिलेली सोय, ही खिडकी ठेवायची, भिंत पाडायची नाही. गिरणीला गाठींचे नंबर, वजन, स्टेपल (तंतूची लांबी), मायक्रोनेअर (तंतूचा जाडबारीकपणा), ओलावा पाहिजे, ते द्यायचं. कापूस कोणाकडून घेतला, काय भावाने घेतला, हे खिडकीच्या अलीकडेच राहते.

गेटवरच्या पोचेचा कागद पाहताना अजून एक सापडलं. त्यावर शिक्का असतो, "माल मिळाला, तपासणी बाकी". मिळाला आणि मंजूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मधे दोन-चार दिवस जाऊ शकतात, लॅबचा रिपोर्ट यायचा असतो. मी मात्र समोरच्या सिस्टमकडून "२००" हा कोड, म्हणजे नुसता मेसेज मिळाल्याचा होकार, आला की सौदा पूर्ण धरत होतो. आता दोन वेगळे मेसेज आहेत, पोच लगेच येते, मंजुरी जेव्हा यायची तेव्हा येते, आणि आमची सिस्टम तोपर्यंत गाडीला "वाटेत" किंवा "तपासणीत" दाखवते. थांबणं हा पण कामाचाच भाग आहे, दोन कंपन्यांमधे तर सगळ्यात मोठा.

आणि उलटं फिरणं. आपल्या एका डेटाबेसमध्ये चूक झाली तर रोलबॅक मारला की जसं होतं तसं. हजार किलोमीटरच्या वर गेलेली गाडी रोलबॅक होत नाही. ओलावा जास्त निघाला तर बिल खोडत नाहीत, गिरणीची डेबिट नोट येते (एवढे पैसे कापले), आपण क्रेडिट नोट काढतो (एवढे सोडले), दोन्ही वह्यांत नवीन ओळ पडते. कॉम्प्युटर सायन्समध्ये याला सागा म्हणतात, गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ मध्ये मांडलं, प्रत्येक पायरीला तिची भरपाई करणारी पायरी आधीच ठरवून ठेवायची. ई-इनव्हॉइसला हाच नियम आहे, पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द करता येतं, नंतर सहसा क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून मी आता कोणताही मेसेज लिहिताना आधी विचारतो की हा मोडला तर कोणता कागद निघेल, आणि उत्तर काकांकडे असतंच.

भावाच्या रकान्याने पण एकदा घोळ केला. रुईचा सौदा खंडीवर बोलतात, रुईची खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, धानाची खंडी वेगळी, आणि गिरणीचं सॉफ्टवेअर किलोवर चालतं. रकान्याचं नाव दोघांकडे नुसतं "रेट". आता भावासोबत एकक पाठवल्याशिवाय मेसेज जातच नाही.

२००० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी एकमेकींची सॉफ्टवेअरं जोडायला फार मोठी यंत्रणा उभी केली होती, मेसेजचा साचा म्हणजे सोप, सर्व्हिसचं वर्णन म्हणजे डब्ल्यूएसडीएल, कामाचा क्रम लिहायला बीपीईएल, सगळ्या सर्व्हिस शोधायला यूडीडीआय नावाची सार्वजनिक यादी. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एसएपी यांनी चालवलेली ती यादी २००६ मध्ये बंद झाली. मला त्याचं कारण सरळ वाटतं, कोणी यादीत पाहून अनोळखी माणसाला सतरा टन रुई पाठवत नाही, आधी दलाल, ओळख, शब्द, मग गाडी. बीपीईएल तर मधे एक जण बसून सगळ्यांना हुकूम देतो अशा कल्पनेवर चालतं, कंपनीच्या आत ते ठीक आहे. पण जिनिंग आणि गिरणीच्या मधे हुकूम देणारा कोण? आपल्याकडच्या खंजेरी भजनासारखं आहे ते, कोणी इशारे करत नाही, प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते आणि समोरच्याचा ठेका ऐकून आपला धरायचा. ऐकू यावं एवढी सोय सॉफ्टवेअरने करायची.

या हंगामात आतापर्यंत एकही गाडी दोनदा नोंदली नाही. नेट रोज जाते, मेसेज तीन-तीनदा जातात, गिरणीकडून "हा आधीच मिळाला" असं उत्तर येतं आणि काम पुढे सरकतं. काकांनी रजिस्टर बंद केलेलं नाही आणि मी ते बंद करा म्हणणारही नाही, रोज सायंकाळी ते आणि मी स्क्रीनवरचे नंबर त्याच्याशी जुळवतो.

आता सरकीच्या गाड्यांचं काम हाती घेतलं आहे, त्या तेलमिलला जातात आणि तिथले कागद वेगळे आहेत. तुमच्याकडे सरकीत ओलावा निघाला तर वजनात कटती लावतात की भावात, आणि ती कोणत्या कागदावर लिहितात, ते जरूर कळवा.