पगार नव्हता, पपई होती

सोसायटीतल्या वहिनी विचारतात, मैत्रिणी विचारतात, एकदा तर रिक्षावाल्या दादांनीही विचारलं. प्रश्न एकच. "ताई, तुम्ही झूमध्ये काम केलंय ना? आमच्या पोराला प्राण्यांचं फार वेड. कॉलेज सांभाळून पार्ट टाइम काही मिळेल का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशकात नाही मिळणार, कारण नाशकात तसं मोठं प्राणिसंग्रहालयच नाही. (बिबट्या बघायला आपल्याला ते लागतही नाही म्हणा, तो अधूनमधून वस्तीत स्वतःच येऊन जातो.) मुंबईची राणीची बाग, पुण्यातलं कात्रज, संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, ही सगळी महापालिकांची. तिथे पिंजऱ्यापाशी दिसणारा माणूस पालिकेचा, नाहीतर ठेकेदाराचा. तासांवर विद्यार्थी ठेवायची रीत आपल्याकडे नाही. परदेशातली पोरं उन्हाळ्यात झूच्या तिकीटखिडकीवर उभी राहून पैसे कमावतात, ते रील बघून इथे हिशेब मांडू नका.

मग मी काय केलं? बी.एस्सी.ला असताना एका मे महिन्यात दुसऱ्या शहरात मावशीकडे राहिले आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात फुकट राबले. हातात आलं एक प्रमाणपत्र. बसभाडं मावशीने दिलं.

काम कुठलं, तर सकाळी सातला स्वयंपाकघरात पपई, भोपळा, काकडी, गाजरं चिरायची. प्रत्येक पिंजऱ्याचं टोपलं वेगळं, प्रत्येकाचं वजन फळ्यावर लिहिलेलं. पण त्याआधी कालचं उष्टं मोजायचं. सुरुवातीला मला हे कारकुनी वाटलं. एका सकाळी टोपल्यात केळी तशीच, पपईचा गर तेवढा संपलेला. काकांनी, म्हणजे तिथल्या जुन्या रक्षकांनी, ते टोपलं बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांना निरोप धाडला. "माकडीण केळं सोडते होय?" एवढंच बोलले. दाढ सुजली होती तिची. दुखतंय हे रानातलं जनावर शेवटपर्यंत लपवतं, त्यामुळे ते आधी कळतं ते टोपल्यात. त्यानंतर उष्टं मोजायला मी कंटाळले नाही.

त्या माकडिणीला मी हात लावला नाही. महिनाभरात एकाही प्राण्याला नाही. आपली सर्दी, आपला क्षय माकडांना लागू शकतो, म्हणून मला जाळीच्या जवळही जाऊ देत नसत. दुपारी माझी नेमणूक कठड्यापाशी. "दादा, वेफर्स टाकू नका," हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणायचं. पोराला प्राण्यांना कुरवाळायचं असेल, तर त्याला हे आधी सांगा. निम्मी पोरं इथेच गळतात.

पैसेही हवे असतील तर नाशकातच जनावरांच्या डॉक्टरांकडे संध्याकाळी मदतनीस लागतो का, ते विचारा. कुत्रं धरायचं, टेबल पुसायचं, नोंदी ठेवायच्या. पॉकेटमनीपुरतं मिळतं. मात्र रेबीजची प्रतिबंधक लस घेतल्याशिवाय पहिल्या दिवशीसुद्धा जाऊ नये. पोराला पुढे पशुवैद्यकीयला जायचं असेल, तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा आणि साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर असतातच. कुत्र्याच्या उलटीने मन विटतं का, ते आधी कळलेलं बरं.

आणि आपल्या जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहेच. गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा, मागे साठलेला गाळ आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारी थापट्या, चक्रवाक ही बदकं. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते हेच. काही जणी विचारतात, तिथे गाइड म्हणून लावता येईल का? मला विचाराल तर नको. ते काम आसपासच्या गावांतल्या पोरांचं आहे. पाणी त्यांना पाठ आहे, आपण शहरातून जाऊन त्यांच्या पोटावर पाय का द्यावा? पक्षिगणना असेल तेव्हा मोजायला जा, वही घेऊन. पैसे नाहीत, पहाटे थंडी मरणाची.

एवढं ऐकूनही पोरगं हटत नसेल, तर सुट्टी लागायच्या दोन महिने आधी प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांच्या नावे कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि मग स्वतः जाऊन भेटा. फक्त बुधवारी जाऊ नका, राणीची बाग आणि कात्रज दोन्ही बुधवारी बंद असतात.