हिंदू छाप ब्रायटनस्टाइन

आमच्या ऑफिसात फोन करणाऱ्या दर दुसऱ्या माणसाकडे होनस वॅग्नर (एका जुन्या बेसबॉलपटूचं दुर्मीळ कार्ड) असतो. म्हणजे तशी त्याची ठाम समजूत असते. कुणाला तो आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला असतो, कुणाच्या माळ्यावर, तर कुणी तो जुन्या बाजारातून फ्रेमसकट दहा डॉलरला उचललेला असतो. आम्ही फोटो मागवतो आणि फोटो पाहिल्यावर जमेल तितक्या गोड शब्दांत सांगतो, की अहो, हे नंतर छापलेलं आहे. काही जण त्यावर भांडतातसुद्धा.

मी न्यू जर्सीत एका छोट्या लिलावघरात काम करते. खेळांशी संबंधित जुना कागद विकायचा, हा आमचा धंदा: कार्डं, तिकिटं, सामन्यांची पत्रकं, सहीचे फोटो. इथे येण्याआधी पुण्यात पोथ्या आणि मोडी कागदपत्रांच्या डागडुजीचं काम करत होते. बेसबॉलमध्ये मला आजही फारसं गम्य नाही. 'इनिंग' म्हटलं की डोळ्यांपुढे गावसकर येतो. पण कसर लागलेला कागद मराठी असो की अमेरिकन, त्याची दुखणी सारखीच असतात, आणि त्यावरच मला ही नोकरी मिळाली.

त्या दिवशी बाई आल्या त्या पुतण्याला घेऊन. वय ऐंशीच्या घरात, हातात उशीचा अभ्रा आणि अभ्र्यात गुंडाळलेली एक लांबोडकी वही. जमाखर्चाची, लाल-निळ्या रेघांची, चामडी पाठीची. त्यांच्या आजोबांचं बालपण न्यू ऑर्लिन्समध्ये गेलं. कुठल्याशा दुकानातली अर्धी कोरी वही या पोराच्या हाती लागली आणि त्याने त्यात सिगारेटच्या पाकिटातली कार्डं चिकटवली. प्रत्येक पानावर सहा, खाली पेन्सिलीने नाव आणि गाव.

पुतण्याने बसायच्या आधी विचारलं, "वॅग्नर आहे का, तेवढं आधी बघाल?"

नव्हता. पान उलटता उलटताच ते कळलं.

ज्यांना या कार्डांची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या पाकिटांत बेसबॉलपटूंची रंगीत कार्डं घातली. आडवी पावणेचार सेंटीमीटरही नाहीत, उभी पावणेसातला जरा कमी. जाड कागदामुळे मऊ पाकीट चेपत नसे आणि पुढचं कार्ड मिळावं म्हणून गिऱ्हाईक परत येई. 'बिग फन' च्युइंगममधून निघणारे क्रिकेटवाले जमवलेल्या माझ्या पिढीला यात वेगळं काही सांगायला नको, फरक इतकाच की इथे मुलं रस्त्यात उभी राहून सिगारेट घेणाऱ्या मोठ्यांकडे कार्डं मागत. या संचाला आज टी-206 म्हणतात. हा क्रमांक जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने आपल्या सूचीत दिला. संधिवाताने हात वाकडे झालेल्या या माणसाने तीन लाखांवर छापील चिटोरी गोळा केली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली आणि तिथेच बसून अल्बममध्ये लावली. 1963 च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये तो गेला.

टी-206 मध्ये पाचशे वीसच्या वर कार्डं आहेत. त्यातलं वॅग्नरचं लवकरच छपाईतून काढलं गेलं. मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून त्याने हरकत घेतली असं कुणी म्हणतं, पैसे मिळाले नाहीत म्हणून घेतली असं कुणी म्हणतं. आज साधारण साठेक प्रती माहीत आहेत आणि 2022 मध्ये एक खासगी व्यवहारात 72 लाख 50 हजार डॉलरला गेली. पुतण्याचा जीव त्यात का अडकला होता, ते यावरून कळेल.

मी भिंग काढलं. जुनी कार्डं दगडी छाप्यावरची, एकेक रंग वेगळा चढवलेला. भिंगाखाली रंगाचे पुंजके दिसतात, वेडेवाकडे, आणि खालचं नाव सलग शाईत, काठाला स्वच्छ. नकली कार्ड आधुनिक यंत्रावर छापलेलं असेल तर ठिपक्यांची रांगोळी घालावी तसे सारख्या अंतराचे ठिपके येतात आणि अक्षरंही ठिपक्यांतूनच बनतात. अतिनील दिवा लावला की नव्या कागदातली पांढरेपणाची रसायनं निळसर चमकतात. वहीतलं एकही कार्ड चमकलं नाही. अस्सल होती सगळी. टाय कॉब या तेव्हाच्या नामवंत खेळाडूची दोन होती, त्यातलं एक लाल पार्श्वभूमीचं, कोऱ्या नाण्यासारख्या कडा नसल्या तरी चेहरा ताजा.

अडचण एकच. सगळी चिकटवलेली.

इथे या धंद्याची एक गंमत आहे. कार्डाची किंमत निम्मी पुढून ठरते, निम्मी पाठीवरून. पाठीवर तंबाखूची जाहिरात असते, तीही एका ब्रँडची नाही, सोळा ब्रँडची. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल पैशाला पासरी. पोलर बेअर म्हणजे सिगारेट नव्हे, सुटी तंबाखू, तिच्या कार्डांवर तंबाखूचे डाग अजून दिसतात. ड्रम, उझिट, लेनॉक्स यांची पाठ निघाली तर माणूस खुर्चीवरून उठतो. तोच खेळाडू, तेच चित्र, पाठ बदलली की भाव कितीतरी पट. आमच्यापुढे मात्र सगळ्या पाठी वहीला चिकटलेल्या.

पानाच्या कडेला सुटलेल्या चिकटाला मी बोटाचं नख लावलं. पिवळट, ठिसूळ, भुगा होणारा. खळ होती ती, कणकेची. आमच्याकडे पोथ्यांना हीच लावलेली असते. मला एकदम हायसं वाटलं. रबराचा चिकट असता तर हात टेकले असते. खळ पाण्यात सुटते. आणि त्या काळची शाई तेलकट, तिला साध्या पाण्याचं काही होत नाही. पाण्यात भिजवून कार्ड सोडवणं या धंद्यात चालतं, दर्जा ठरवणाऱ्या कंपन्याही त्यावर सहसा हरकत घेत नाहीत. रसायन लावलं, कड कापली, रंग भरला, तर मात्र कार्ड बाद.

पण भिजवायचं म्हणजे वही कापावी लागणार. वहीच्या लाल रेघांची शाई ओल्या कापसाला लागत होती, पूर्ण पान पाण्यात घातलं असतं तर ती कार्डात उतरली असती. म्हणून प्रत्येक कार्डाभोवती कागदाची अगदी अरुंद कड ठेवून ते कापून घ्यायचं.

मी बाईंना सरळ सांगितलं, की माझ्या मते ही वही कार्डांहून मोलाची आहे. पोराने कोणता संघ आधी लावला, कुणाला पानाच्या मध्यभागी बसवलं, कुणाचं नाव खोडून परत लिहिलं, हे सगळं कात्रीने जाईल. आमच्या साहेबांना माझं हे बोलणं आवडलं नाही, कारण ग्राहकाला विकू नका म्हणणं हे लिलावघराचं काम नव्हे. पुतण्या तर माझ्याकडे शत्रूसारखा बघत होता.

बाई म्हणाल्या, "छप्पर गळतंय. कापा. पण आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि कापून उरलेली पानं मला परत द्या."

भिजवण्याचं काम बघायला काही नसतं. काचेचा ट्रे, डिस्टिल्ड वॉटर, खोलीच्याच तापमानाचं, त्यात कार्ड पालथं. पहिले दोन-तीन तास काहीच होत नाही. मग कागद फुगतो, खळ पांढरी होऊन साबणासारखी निसरडी होते आणि वहीचा तुकडा आपोआप सरकायला लागतो. त्याने सरकेपर्यंत हात लावायचा नाही. ओढलात तर पाठीचा पापुद्रा निघतो, आणि पापुद्रा निघालेलं कार्ड पुढून कितीही देखणं असो, दर्जात तळाला जातं. उरलेली खळ बोटाच्या पेराने, पाण्यातच, अलगद पुसायची. मग टीपकागदात घालून वर काच आणि वजन. वाळायला घाई करायची नाही.

पाठी निघायला लागल्या. पीडमाँट. पीडमाँट. ओल्ड मिल. पीडमाँट. स्वीट कॅपोरल. पुतण्या काही वेळ ट्रेशेजारी उभा राहिला, मग फोन घेऊन बाहेर गेला.

दुपार उलटल्यावर ब्रायटनस्टाइनची पाळी आली. टेड ब्रायटनस्टाइन, डावखुरा गोलंदाज. (पिचरला गोलंदाज म्हटलं म्हणून बेसबॉलवाल्यांनी रागावू नये.) 1891 मध्ये मोठ्या लीगमध्ये सुरुवातीपासून चेंडू टाकायला मिळालेल्या पहिल्याच सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मारू दिली नाही. कार्ड निघालं तेव्हा चाळिशी गाठलेला, न्यू ऑर्लिन्सच्या संघात उतरत्या काळचं बेसबॉल खेळत होता. टी-206 मध्ये दक्षिणेकडच्या छोट्या लीगमधले असे 48 खेळाडू आहेत. बाहेरच्या जगाला ती नावं माहीत नाहीत, पण त्या पोराला तो घरचा माणूस. त्याचं कार्ड पानाच्या मध्यभागी होतं आणि नावाखाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारलेली.

कागद सरकला तशी तपकिरी शाई दिसली. पीडमाँटची पाठ निळी असते. मी पाण्यातच खळ बाजूला केली तर मोठ्या अक्षरांत 'हिंदू', खाली 'सिगारेट्स'.

मी मराठीतच काहीतरी बोलले असणार, कारण पलीकडच्या टेबलावरचा सहकारी धावत आला. हिंदू नावाची सिगारेट खरोखर होती, पूर्वेकडच्या नावांची तेव्हा तिथे चलती होती, तंबाखू विकायला कुठलंही दूरचं नाव चाले. या ब्रँडची पाठ दोन रंगांत येते, तपकिरी आणि लाल. लाल त्याहून दुर्मीळ. आमची तपकिरी. तरी पीडमाँटच्या मानाने फारच कमी दिसणारी, आणि तीही न्यू ऑर्लिन्सच्या खेळाडूवर, न्यू ऑर्लिन्सच्या मुलाने जपलेली. मी पुण्यात एका मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आता याच्यावरही कुणीतरी मोर्चा काढेल."

लाल कॉब शेवटी ठेवला होता, कारण त्याच्या वरच्या कडेवर पारदर्शक चिकटपट्टी होती. कणकेच्या खळीच्या काळात ही पट्टी नव्हतीच, म्हणजे कुणीतरी नंतर लावलेली. पट्टीचा गोंद वाळून कागदात मुरला होता, मधासारखा पिवळा पट्टा कॉबच्या टोपीवरून गेलेला. हा पाण्याने सुटत नाही. रसायनाने सुटेल, पण मग आम्हाला ते लपवावं लागेल किंवा कार्ड बाद होईल. मी बाईंना फोन लावून विचारलं, ही पट्टी केव्हाची असेल, काही कल्पना?

पलीकडे हसू आलं. "मीच लावली. सात-आठ वर्षांची असेन. कॉब सुटून खाली पडला होता. आजोबांनी बघितलं, पण बोलले काहीच नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "कॉबचं पान कापू नका. ते तसंच ठेवा." पुतण्या मागून काहीतरी बोलला. बाईंनी फोनवर हात ठेवला, थोड्या वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या, "हो, तसंच ठेवा."

लिलावाच्या पुस्तिकेवरून साहेबांशी माझं वाजलं. मला प्रत्येक कार्डाच्या वर्णनात 'वहीतून पाण्याने सोडवलेलं' असं लिहायचं होतं. साहेबांचं म्हणणं, चालतं ना, मग सांगायचं कशाला? मी वॅग्नरचंच उदाहरण दिलं. 1991 मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने 4 लाख 51 हजार डॉलरला घेतलेला तो सर्वांत प्रसिद्ध वॅग्नर. पीएसए कंपनीने दर्जा देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं पहिलं कार्ड, 10 पैकी 8. वर्षानुवर्षं लोक कुजबुजत होते, आणि 2013 मध्ये लिलाववाल्या बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं, की ते विकण्याआधी त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. भिजवणं म्हणजे कापणं नव्हे, हे मलाही कळतं. पण डबीत बंद झालेल्या कागदाला आधी काय झालं, हे घेणाऱ्याला कळण्याचा दुसरा मार्गच नाही. साहेब शेवटी म्हणाले, एक ओळ लिही, पण बारीक टाइपात. लिहिली.

त्या ओळीने कुणी पळून गेलं नाही. ब्रायटनस्टाइनवर दोघे अडून बसले आणि माझ्या अंदाजाच्या बरंच वर गेले. बाकीची कार्डं रीतसर, अपेक्षेप्रमाणे गेली. छपराचं काम त्यात होऊन वर काही उरलं असावं. पुतण्या लिलावाच्या संध्याकाळी फिरकला नाही.

ब्रायटनस्टाइन घेणारा लुइझियानातलाच, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्याच राज्यातला. फक्त न्यू ऑर्लिन्सचे खेळाडू जमवतो. पैसे भरल्यावर त्याने मेल केला: ती बारीक टाइपातली ओळ वाचली, ज्या पानातून हे कापलं ते पान कुठे आहे, विकत मिळेल का? मी तो मेल बाईंना पाठवला, सोबत त्या पानाचा कापण्याआधीचा फोटो जोडला आणि तोच फोटो त्यालाही दिला.

बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. पान विकायचं नाही. पण या बाजूला कधी आलात तर वही बघायला घरी या, कॉफी मिळेल. तो गेला की नाही, माहीत नाही. त्याचं कार्ड मात्र त्याच आठवड्यात मी स्वतः बांधून, विमा उतरवून पाठवलं.