तुम्ही कुठे उतरणार?

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या बायकांच्या डब्यात ओळख नावाने होत नाही. "कुठे उतरणार?" इथून होते. अंधेरी म्हटलं की जागा लवकर रिकामी होणार म्हणून समोरचीचा चेहरा उजळतो, चर्चगेट म्हटलं की ती मान फिरवून पुढच्या बाकाकडे वळते. इतक्या वर्षांत माझ्या तोंडात हा प्रश्न असा बसलाय की कुणी "काहीतरी छान सांग ना वाचायला" म्हणालं, तरी मी आधी हेच विचारते. "कुठे उतरतेस? आणि बसायला मिळतं का?" लोकांना वाटतं मी टाळतेय.

टाळत नसते. वाचनालयातली कपाटं कथा, कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन अशी लावलेली असतात. माझ्या डोक्यातली उभ्याने, चौथ्या सीटवर आणि खिडकीशी अशी आहेत.

उभ्याने वाचायच्या पुस्तकाला अटी फार. एक हात वरच्या कडीत, पर्स पोटाशी, डब्याची पिशवी कोपरात. उरला एक हात, त्यातही पान उलटायला अंगठा मोकळा हवा. आमच्या वाचनालयाचं पुस्तक इथे बाद. तिथला बाइंडर चार वाचकांनंतर पुस्तक दाभणाने असं शिवतो आणि वर रेक्झिन असं ताणून बसवतो की ते पुन्हा आयुष्यात पुरतं उघडत नाही. एका हाताने धरलं तर उंदराच्या सापळ्यासारखं खटकन मिटतं. जाडजूड कादंबऱ्याही बाद. 'मृत्युंजय' उभ्याने वाचू नये, कर्णाच्या रथाचं चाक रुतायच्या आत आपलं मनगट जातं.

मग उभ्याने काय? 'माणदेशी माणसं'. व्यंकटेश माडगूळकरांचं १९४९ सालचं पुस्तक, आणि अजून एक शब्द शिळा नाही. धर्मा रामोशी, झेल्या, एकेक माणूस मोजक्या पानांत उभा राहतो. कांदिवलीला सुरू केला तर जोगेश्वरीच्या आसपास संपतो आणि अंधेरीच्या लोंढ्यात चेपून घेताना मनात तो माणूस असतो, समोरचीची वेणी नसते. हे मी ज्यांना ज्यांना दिलं त्या सगळ्यांनी परत आणून दिलं. एवढ्यावरून तुम्ही म्हणाल, मग आवडलं नसेल. नाही, त्यांनी स्वतःचं विकत घेतलं.

रहस्यकथाही उभ्याने छान. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेत त्यातल्या पंचवीस-तीस होत्या, झुंझार आणि काळापहाड हे त्यांचे नायक एकमेकांना चिकटून बसलेले. पानं इतकी पिवळी की उलटताना कोपरा हातात येतो, पण गोष्ट पळते. रहस्यकथा मात्र वाचनालयातून आणू नये. आमच्याकडे कुणीतरी एक महाभाग सभासद आहे (हस्ताक्षर वळणदार आहे, बहुधा निवृत्त शिक्षक), जो तिसऱ्या-चौथ्या पानावरच एखाद्या निष्पाप नावाखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि समासात लिहितो, "हाच." शेवटच्या कोऱ्या पानावर वेगळीच मैफल असते. "जरूर वाचावे." खाली दुसऱ्या शाईत, "वेळ फुकट." त्याच्या खाली तिसरा, "वेळ तुमचा फुकटच होता." पुस्तकांची इतकी प्रामाणिक शिफारस मी छापील परीक्षणात पाहिलेली नाही. मी पुस्तक निवडताना आधी हेच पान बघते.

विज्ञानकथा मी स्वतः उशिरा वाचायला लागले. त्यात गणितं असणार अशी भीती होती. ती गेली जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'ने. त्यांच्या पहिल्या कथेची हकिकत मला कथेइतकीच आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, जगभर नाव झालेलं. नावाकडे बघून बक्षीस मिळायला नको म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली आणि 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं. आमच्या ग्रुपमधल्या मंत्रालयवालीला मी पुस्तकाऐवजी आधी हीच हकिकत सांगितली. दादर येईपर्यंत तिने पुस्तक मागून घेतलं होतं.

चौथ्या सीटबद्दल बाहेरगावच्यांना सांगावं लागतं. बाक तिघींचा असतो, "सरका जरा" म्हणून चौथी टेकते. टेकते म्हणजे अर्धी टेकते, उरलेली अर्धी पायांवर तोललेली. इथे पुस्तक असं हवं की आपण अधांतरी आहोत हे कळू नये. मी एकच देते, प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग'. हिमालयात कडे फोडून रस्ता करणारी माणसं, एक तरुण इंजिनीअर आणि लष्कराची शिस्त. विषय ऐकून बायका नाक मुरडतात, "रस्त्याचं काय वाचायचं?" मी म्हणते, दहा पानं वाच.

माझं स्वतःचं काय झालं ते ऐका. संध्याकाळी उशीर झाला म्हणून बोरिवली सोडून विरार फास्ट पकडली. विरारच्या गाडीत बोरिवलीवाल्यांनी चढणं हा काय गुन्हा आहे हे मुंबईकरांना माहीत आहे. दारातल्या दोघींनी चर्चगेट ते मुंबई सेंट्रल मला ऐकवलं, "तुमच्यासाठी वेगळ्या गाड्या असताना आमच्या गर्दीत कशाला?" मी गप्प. पुढे चौथी सीट मिळाली, पुस्तक उघडलं. वारा एकदम गार लागला, खाडीचा वास आला, तेव्हा मान वर केली. भाईंदर मागे पडलं होतं, गाडी पुलावर होती. नायगावला उतरले तर मघाच्या त्या दोघींतलीच एक दारात. "काय हो, बोरिवलीला उतरायचंच नव्हतं तर एवढं ऐकून कशाला घेतलंत?" मी पुस्तकाचं कव्हर दाखवलं. तिने मोबाइलमध्ये नाव लिहून घेतलं.

सगळीच पुस्तकं अशी हसत देता येत नाहीत. दया पवारांचं 'बलुतं' मी खिडकीवालीलाच सांगते, आणि तिलाही दिवस बघून. १९७८चं हे आत्मकथन गावातून मुंबईत येतं ते नागपाड्याच्या कावाखान्यात. मुंबई सेंट्रलला गाडी थांबते तिथून ते फार लांब नाही. मी पंधरा वर्षं त्या स्टेशनावरून रोज गेले होते, पलीकडे कोण राहतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पुस्तक संपलं त्या आठवड्यात मी एकदा उतरून तिकडे चालत गेले. पाहण्यासारखं काय होतं ते सांगता येणार नाही. इमारती होत्या, दुकानं होती, माणसं कामाला निघाली होती. हे पुस्तक मी कुणाला दिलं की नंतर "आवडलं का" असं विचारत नाही. तो शब्दच बसत नाही तिथे.

पोरांपुढे मात्र माझी कपाटं कोलमडतात. पोरं कुठे उतरणार हे पोरांनाही माहीत नसतं. भाचा आठ वर्षांचा झाला तेव्हा मी मोठ्या प्रेमाने त्याला 'श्यामची आई' दिलं. मला आठव्या वर्षी मिळालं होतं, मी रडले होते, म्हणजे त्यानेही रडावं असा साधा हिशोब. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं हेही सांगून झालं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मावशी, यात सगळे सारखे का रडतात?" मला राग आला. नंतर वाटलं, आपण त्याला पुस्तक दिलं नव्हतं, आपलं लहानपण दिलं होतं, आणि ते त्याच्या मापाचं नव्हतं. मग 'बोक्या सातबंडे' दिलं. तो पलंगाखाली गेला आणि जेवायला हाका मारूनही आला नाही. त्यानंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. महिनाभर घरात दर पाच मिनिटांनी फेणेचं ते 'ट्टॉक' व्हायचं. बहिणीने मला फोन करून शिव्या घातल्या. श्याम त्याने अकराव्या वर्षी आपणहून काढून वाचला. रडला की नाही मी विचारलं नाही.

चार-पाच वर्षांच्यांसाठी मला माधुरी पुरंदऱ्यांच्या पुढे काही दिसत नाही. लिहितात त्या आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्द जे सांगत नाहीत ते चित्रात सापडतं. भाचीला 'राधाचं घर' मी एका रात्रीत सात वेळा वाचून दाखवलंय. आठव्या वेळी मी पेंगले आणि दोन ओळी गाळल्या, तर तिने बोट ठेवून परत मागे नेलं. वाचता येत नव्हतं तिला तेव्हा.

राणीच्या बागेत जायच्या आधी विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' वाचावी की नंतर, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आम्ही आधी वाचली, आणि भाचीने खऱ्या बागेला नापास केलं. पुस्तक १९६१चं, पेंग्विन भायखळ्याला आले २०१६मध्ये. त्यांच्यामुळे बागेचे थोडे गुण वाढले इतकंच.

आणि 'बखर बिम्मची'. जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथांतला अंधार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे त्यांचंच आहे हे पटत नाही. मी ते भाचीसाठी घेतलं होतं. अजून माझ्याच उशाशी आहे.

मागच्या दिवाळीआधी ग्रुपमधली बँकवाली निवृत्त झाली. वीस-बावीस वर्षं आमच्यासोबत ८.१०ची बोरिवली-चर्चगेट. शेवटच्या दिवशी डब्यात पेढे, ओटी, फोटो, सगळं झालं. मी तिला नवंकोरं 'पाडस' दिलं. राम पटवर्धनांचा अनुवाद, म्हटलं, आता निवांत वाच, घाई नाही. तीन महिन्यांनी फोन केला. "कुठवर आलं?" तर म्हणाली, "एकवीस पानं. घरी नाही गं होत. सोफ्यावर बसलं की कुकर, बेल, कुरिअर, हे विचारतात चष्मा कुठाय. गाडीत कसं, आपल्याला कुणी हलवू शकत नाही."

जानेवारीत तिचा पुन्हा फोन आला, आवाज अगदी वेगळा. तिने पास काढला होता. दुपारी एकनंतर, बोरिवलीहून निघणारी स्लो, खिडकी. चर्चगेटला उतरायचं नाही, त्याच गाडीने परत. 'पाडस' चार फेऱ्यांत संपलं. घरी सांगितलंय, मैत्रिणीकडे भजनाला जाते.

"आता काय सांगतेस?" तिने विचारलं. "खिडकी आहे, वेळ आहे, आणि कुठे उतरायचं नाहीये."

अशी गिऱ्हाईक मला आजवर मिळाली नव्हती. मी तिला गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' दिलं. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक, चार पैसे मिळतील म्हणून मथुरेच्या यज्ञाला निघतो तो १८५७ साली, आणि सरळ बंडाच्या तोंडात सापडतो. झाशीचा वेढा आतून बघतो. लुटला जातो, पुन्हा उठतो, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी येतो. पुस्तक छापून आलं ते १९०७मध्ये.

परवा तिचा मेसेज होता. "भटजी झाशीत अडकलेत. मी लोअर परळला. सिग्नल नाही, गाडी वीस मिनिटं उभी आहे. कुणाला सांगू नकोस, पण लवकर सुटू नये."