आत्याची ज्येष्ठा

पुणे ते कोल्हापूर एरवी पाच तासांचा रस्ता. गौरीच्या आदल्या दिवशी एसटीनं आठ घेतले. रस्त्याची कामं, पाऊस, आणि कराडपर्यंत उभं राहून प्रवास. सणाच्या तोंडावर गाड्या वाढवत का नाहीत, हे मला दर वर्षी पडणारं कोडं आहे. शिवाजी पेठेत आत्याच्या दारात पोचले तेव्हा पाय सुजले होते. आत्यानं आधी गरम पाण्याची बादली पुढं ठेवली, मग चहा. कोल्हापूरचा पाहुणचार असाच, तिथं आधी काही विचारत नाहीत.

आवाहनाचा दिवस पावसातच गेला. पंचगंगेच्या घाटावर बायकांची ही गर्दी. कळशीत गौरीचे डहाळे, तेरड्याची गुलाबी फुलं, ओले काठ पायाला चिकटलेले. घरी गौर आली, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. रात्री आभाळ गच्च.

दुसऱ्या दिवशी शंकरोबा आले, पुरणपोळ्या झाल्या. साडेसातच्या सुमाराला पाऊस थांबला म्हणून वाळत घातलेली धुणी बघायला गच्चीवर गेले. रंकाळ्याच्या बाजूला ढग फाटले होते आणि त्या फटीत अर्धा चंद्र होता. त्याच्या खाली डावीकडे एकच तारा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस.

ज्येष्ठा!

मी तिथंच थांबले. खाली भिंतीवरच्या कॅलेंडरात काय लिहिलंय ते मला पाठ होतं : अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. लहानपणापासून हे वाचत आलेय, पण तो मुहूर्त वर आभाळात असा उघड दिसतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ही तिन्ही नक्षत्रं म्हणजे एकच विंचू, वृश्चिक रास. डोक्याशी उभ्या ओळीत अनुराधा, छातीत ज्येष्ठा, आणि वळलेल्या शेपटीत मूळ. भाद्रपदातला चंद्र तीन रात्रींत हा विंचू ओलांडतो आणि तेवढेच दिवस आपली गौर माहेरपणाला असते.

"काय बघालीस गं वर? धुणं राहिलं की," म्हणत आत्या गुडघे धरत जिना चढून आली.

मी बोटानं दाखवलं. "आत्या, ती ज्येष्ठा."

आत्याचं जन्मनक्षत्र ज्येष्ठा. ज्येष्ठेवरची मुलगी थोरल्या दिराला वाईट, असं म्हणून तिची तीन स्थळं परत गेली होती. आमच्या मामांना थोरला भाऊ नव्हता, म्हणून लग्न जमलं. हे ती कधी सांगत नाही, माझ्या आईनं सांगितलं. माझी पत्रिका तर मुळावरची, सासऱ्याच्या मुळावर येणारी. एका घरातून ती घडी न मोडता परत आली होती. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. दहा वर्षं झाली, तरी मला त्या माणसांचा राग येतो आणि तो रास्त आहे असंच वाटतं.

आत्या कठड्याला धरून बघत होती. मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं मी सांगत सुटले. हा तारा सूर्यापेक्षा जवळजवळ ७०० पट रुंद आहे. आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. त्याचा उजेड इथं पोचायला साधारण ५५० वर्षं लागतात. म्हणजे १६६० साली महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले, त्याच्याही कितीतरी आधी निघालेला हा उजेड. मंगळासारखा लाल, म्हणून ग्रीकांनी त्याला अँटारीस म्हटलं, मंगळाचा प्रतिस्पर्धी. त्यांच्या कथेत या विंचवानं गर्विष्ठ शिकारी ओरायनला डंख मारला. ओरायन म्हणजे आपला मृग. म्हणून आजही विंचू पूर्वेला वर येतो तेव्हा मृग पश्चिमेला मावळतो.

"आणि आपल्यात?" आत्यानं विचारलं.

आपल्यात ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण. समुद्रमंथनात आधी ती वर आली, मग लक्ष्मी. अंबाबाईच्या गावात राहून थोरलीला अलक्ष्मी म्हणून दारातून परतवायचं आणि भाद्रपदात तिच्याच नक्षत्रावर गौर पुजायची, हे मला कधीच पटलेलं नाही. आत्याला मी तसं बोलूनही दाखवलं.

पत्रिकेतल्या राशी बारा सारख्या वाट्यांच्या. आभाळातल्या नाहीत. खगोलशास्त्रज्ञांनी १९३० साली आखलेल्या हद्दीप्रमाणं सूर्य वृश्चिकात जेमतेम आठवडाभर असतो, नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि मग भुजंगधारी या शेजारच्या तारकासमूहात जातो. त्या भुजंगधारीला पत्रिकेत घरच नाही.

"तुझं मूळ कुठं?"

चंद्राच्या बरंच खाली, आणखी डावीकडे, नांगीच्या टोकाला दोन तारे अगदी लगटून होते. मोठ्याचं नाव शौला, अरबीत उचललेली शेपटी. विलायतेत ही नांगी क्षितिजाच्या वर नीट येतच नाही, कोल्हापुरातून मात्र अख्खी दिसते. तिच्या जरा पलीकडे, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे. सगळे तारे ज्याच्याभोवती फिरतात ती जागा, आणि तिच्या वाटेवरच्या नक्षत्राचं नाव मूळ.

आत्या बराच वेळ गप्प होती. कोपऱ्यावरच्या मंडळानं शार्पी लाइट सुरू केले आणि पांढरे झोत विंचवावरून फिरायला लागले. गणपतीपुढं उजेड हवा हे मान्य, पण तो वर आभाळात कशाला? तेवढ्यात झोत बाजूला गेला.

"लाल हाय की गं," आत्या म्हणाली. "सत्तर वर्सं झाली, मला कुणी दाखवलीच न्हाई."

मग ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडली, "गॅस बंद करा आणि सगळ्या वर या. गौर बघायला."

दोघी सुना पिठाच्या हातांनी वर आल्या. धाकटीला दिसली. थोरली येईपर्यंत ढग आले होते, तिला नुसता चंद्र मिळाला. आत्या तिला म्हणाली, "थांब जरा, ढग सरकंल." आम्ही चौघी थांबलो.